कार्बन फायबर पॅनेलला भोक पाडताना थर उकलतात

प्रश्न (कुपवाड, सांगली): भारतात विकसित होत असलेलं स्टेल्थ (रडारला सहज न दिसणारं) लढाऊ विमान अ‍ॅम्काच्या धर्तीवर नमुना पॅनेल करतोय. ६ मिमी ड्रिल बाहेर पडतं तिथंच थर सुटतात. उपाय?

उत्तर (मिरज): दादा, एचएसएसचं (हाय स्पीड स्टीलचं) ड्रिल ठेवून द्या, कार्बन त्याची धार खातो. डायमंड कोटेड कार्बाइड घ्या. मागून लाकडी पाटी घट्ट आवळा आणि ड्रिल बाहेर पडताना फीड (ड्रिल पुढे सरकवण्याचा वेग) कमी करा. धार बोथट झाली की शेवटचा थर कापला न जाता ढकलला जातो. भुकटी व्हॅक्यूमनं ओढा, हवेनं उडवू नका, फुप्फुसात जाते.

उत्तर (सातारा): बोल्ट टायटॅनियमचेच. ॲल्युमिनियम कार्बनला टेकलं की ओलाव्यात गंजतं. स्टेल्थमध्ये बोल्टचं डोकं पृष्ठभागाशी सपाट बसायलाच हवं, वर आलेली कडसुद्धा रडारची लहर परतवते.

प्रश्नकर्ता: पाटी लावलीच नव्हती. उद्या लावतो.