जीआयएफ केली की आकाशात पट्टे पडतायत, काय करू?

सांजवेळ:
मालवणच्या जेटीवरून सूर्यास्ताचा 6 सेकंदांचा व्हिडिओ घेतलाय, मोबाईलवर इतका सुंदर दिसतो, केशरीचा जांभळा कुठे होतो कळतच नाही. पण एफएफएमपेगमधून (व्हिडिओ रूपांतराचं सॉफ्टवेअर) सरळ जीआयएफ केली की आकाशात पट्टे आणि जाळीसारखे ठिपके, शिवाय बाबांच्या गालावर हिरवट डाग. जिथे लावायचीय तिथे व्हिडिओ चालत नाही, जीआयएफच हवी. काही उपाय आहे का?

पिक्सेलकाका:
ताई, व्हिडिओत 1 कोटी 67 लाख रंगांची सोय असते आणि जीआयएफ पडला 1987 चा फॉरमॅट, एका फ्रेमला 256 च रंग. त्यात साधी कमांड ठरलेलं पॅलेट (रंगांची यादी) वापरते, लाल-हिरव्याच्या 8-8 पायऱ्या, निळ्याच्या फक्त 4, मग जांभळा येणार कुठून? आधी एफएफएमपेगमधलं पॅलेटजेन फिल्टर चालवा, ते तुमच्याच क्लिपमधले रंग मोजून पॅलेट बनवतं. सगळे रंग एका डब्यात, डबा जिकडे जास्त पसरलाय तिकडून दोन तुकडे, परत तुकडे, आणि शेवटी प्रत्येक कप्प्याचा सरासरी रंग उचलायचा. याला मिडियन कट म्हणतात. मग ते पॅलेट पॅलेटयूज या फिल्टरला द्या, ते त्याच रंगांत जीआयएफ रंगवतं.

रात्रपाळी:
काकांचं बरोबर, पण नुसत्या पॅलेटने आकाशातले पट्टे पूर्ण जाणार नाहीत, डिदरिंग लागेल, म्हणजे असलेल्या रंगांचे ठिपके मिसळून मधल्या छटेचा भास करणं. फ्लॉइड-स्टाइनबर्ग हा त्याचा एक प्रकार फोटोला छान, पिक्सेलचा रंग जेवढा चुकला त्यातले 7/16 उजवीकडच्याला देतो, बाकीचं खालच्या तिघांत वाटतो. व्हिडिओत मात्र दर फ्रेमला ठिपके जागा बदलतात, आकाश वळवळल्यासारखं दिसतं आणि फाइलही फुगते कारण पिक्सेलांचा तोच तो क्रम परत परत आला तरच एलझेडडब्ल्यू, म्हणजे जीआयएफचं कॉम्प्रेशन, नीट दाबतं. बेयर हा दुसरा प्रकार घ्या, त्याची जाळी जागेवरून हलत नाही. त्याचा स्केल, म्हणजे जाळी किती ठळक दिसेल ते, 3 पासून बघा. आणि कोणी पॅलेटजेनचं स्टॅट्स मोड डिफ हे सेटिंग सुचवलं तर इथे नको, ते हलणाऱ्या भागाला रंग जास्त देतं. माझ्या समईच्या क्लिपला ते फार कामी आलं, ज्योत सोडून काहीच हलत नव्हतं, पण तुमचं तर आकाशच महत्त्वाचं.

सांजवेळ:
खूप खूप आभार दोघांचे! स्केल 2 वर सूर्याच्या कडेला जाळी दिसत होती, 5 वर पट्टे परत आले, 3 च ठेवला. बाबांचा गाल आता गालासारखा दिसतोय.