गाय उलटत असेल (भरवूनही परत माजावर येत असेल) तर हार्मोनचा कोर्स करावा का? (पान्ह्याच्या इंजेक्शनशी गल्लत करू नका)

फलटण गोठा
नमस्कार मंडळी. माझ्याकडे १४ एचएफ क्रॉस (होल्स्टीन फ्रिजियन संकरित) गायी आहेत, फलटणजवळ. चांदणी नावाची गाय, दुसरं वेत, दूध चांगलं, पण व्यायल्यावर पाच महिने झाले तरी गाभ राहीना. चार वेळा भरवली, चारही वेळा २१ दिवसांनी परत माजावर. शेवटी डॉक्टरांनी कोर्स सांगितला. सुरुवातीला जीएनआरएच (बीजांड सोडवणारं हार्मोन), तिथून सातव्या दिवशी प्रोस्टाग्लँडिन (गायीला परत माजावर आणणारं), नवव्या दिवशी परत जीएनआरएच आणि त्यानंतर १६ ते २० तासांत कृत्रिम रेतन, माज दिसो न दिसो. हा प्रोटोकॉल काही गावठी जुगाड नाहीये, अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात १९९५ साली मांडला गेला आणि तेव्हापासून जगभर वापरतात.

पण गोठ्यात इंजेक्शन दिलं की गावात बोंब. गर्भपिशवी खराब होते, गाय कायमची वांझ होते, दुधात उतरतं, पोरांना देऊ नका. ज्या माणसाने मला हे सुनावलं तो स्वतः रोज धारेच्या आधी म्हशीला पान्ह्याची, म्हणजे दूध उतरवायची सुई टोचतो!! दोन्ही गोष्टी एकाच तराजूत कशा काय तोलता? माझ्या कोर्समध्ये तीन सुया आणि विषय संपला. माज हुकला की २१ दिवसांची वैरण गेली हा साधा हिशोब आहे, आणि एचएफचा माज बारा-पंधरा तासांचा, त्यात निम्मा रात्री, कोण बघत बसणार? माझं स्पष्ट मत, हे तंत्र प्रत्येक गोठ्यात पोचलं पाहिजे. तुमचं काय?

म्हसवडचे काका
पोरा, तुझं मत वाचलं आणि मला पटलेलं नाही. मी ४० वर्षं गुरं सांभाळतोय. गाय उलटते याचं कारण शंभरात नव्वद वेळा गव्हाणीत असतं, इंजेक्शनात नाही. पोटात नाही तर पिशवीत कुठनं येणार? आमच्याकडं माण तालुक्यात उन्हाळ्यात नुसता कडबा आणि वर सरकी पेंड टाकायची, हिरवं नावालाही नाही, खनिज मिश्रण तर पाहुण्यासारखं वर्षातनं एकदा. अशा गायीची बरगडी मोजता येते, शेपटीच्या मुळाशी दोन्हीकडं खड्डे पडलेले असतात. तिला तू हार्मोन देऊन माजावर आणणार? समजा आली आणि गाभ राहिला, तर तो ती सांभाळणार कशावर?
आमच्या दोन गायी अशाच अडल्या होत्या. रोज ५० ग्रॅम खनिज मिश्रण, मुरघास (हवाबंद मुरवलेला हिरवा चारा) सुरू केला, पाणी दिवसभर समोर. दोन महिन्यांत दोघी आपोआप माजावर. एक रुपयाचं इंजेक्शन नाही.

पुणेकर आई
मी शेतकरी नाही, दूध विकत घेणारी आहे. रागावू नका पण एक विचारते. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे आणि तिच्या वर्गातल्या दोन-तीन मुलींना इतक्या लवकर पाळी सुरू झालीय, सगळ्या आया म्हणतात दुधातल्या हार्मोनमुळे, चिकनमधल्या हार्मोनमुळे. तुम्ही लोक इथे गायींना हार्मोन द्यावं की नको यावर वाद घालताय, ते दूध आमच्याच घरी येतं ना? आम्हाला कोण सांगणार कुठल्या पिशवीत काय आहे?

गुरांचा डॉक्टर
ताई, तुमचा प्रश्न रास्त आहे, रागावण्यासारखं काही नाही. एकेक सांगतो.

चिकनचं आधी उरकतो. ब्रॉयलरला हार्मोन देत नाहीत. एका शेडमध्ये हजारो पक्षी, रोज प्रत्येकाला कोण टोचणार, आणि वाढीचं हार्मोन हे प्रोटीन असतं, खाद्यात घातलं तर पोटात पचून जातं. तो पक्षी ३५-४० दिवसांत दोन किलोचा होतो तो निवड पैदास आणि खाद्य यामुळे.

आता पान्ह्याची सुई म्हणजे ऑक्सिटोसिन. नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी आहे, १९५३ मध्ये द्यू विन्यो यांनी प्रयोगशाळेत बनवली आणि १९५५ चं नोबेल मिळालं. रक्तात काही मिनिटांत अर्धी होते, आणि दुधात अंशभर आलीच तरी आपल्या पोटात इतर प्रोटीनसारखी पचते. तिच्यामुळे मुलींना पाळी लवकर येते असं म्हणायला आधार नाही. या कोर्समधलं जीएनआरएचही असंच, दहा अमिनो आम्लांचं, मोजायचं ते मायक्रोग्रॅममध्ये. प्रोस्टाग्लँडिन फुफ्फुसातून एकदा रक्त फिरलं की बहुतेक मोडून जातं. आणि दूध म्हटलं की त्यात नैसर्गिक प्रोजेस्टेरॉन (गाभ टिकवणारं हार्मोन) थोडं असतंच, गाभण गायीच्या दुधात जास्त, सुई दिली असो वा नसो, ते आजीच्या काळातल्या दुधातही होतं.

पण म्हणून रोज ऑक्सिटोसिन टोचणं बरोबर ठरत नाही. ते जनावराच्या जिवावर बेततं म्हणून चूक आहे. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात कलम १२ आहे, दूध वाढवण्यासाठी आरोग्याला घातक ठरेल असं इंजेक्शन दुभत्या जनावराला देणं गुन्हा आहे. २०१८ ला केंद्राने याच कारणाने खासगी कंपन्यांना देशात विकायला ऑक्सिटोसिन बनवायला बंदी घातली, फक्त कर्नाटकातल्या एका सरकारी कंपनीला परवानगी ठेवली. त्यावर ओरड झाली कारण हेच औषध बाळंतपणात बाईचा रक्तस्राव थांबवायला लागतं, तुटवडा पडला तर आया दगावतील. १४ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने ती बंदी रद्द केली. गोठ्यातल्या गैरवापरासाठी बाळंतिणीला शिक्षा कशाला, मला तो निकाल योग्य वाटतो.

म्हैसवाली ताई
डॉक्टर, कलम बिलम ठीक आहे, पण पहाटे चार वाजता म्हशीखाली तुम्ही बसता का मी? गायीच्या कासेत पाचातला एक हिस्सा दूध आधीच खाली उतरलेलं असतं, म्हशीचं सगळं वर अडकलेलं, खाली जेमतेम शंभरातलं पाच. पान्हा सुटला नाही तर हातात काही नाही. आमच्या मुऱ्हा म्हशीचं रेडकू दहाव्या दिवशी मेलं. म्हैस तीन दिवस रेडकाच्या जागेकडं बघून हंबरायची आणि सडाला हात लावला की पाठ ताठ. डेअरीचं कार्ड भरायचं, कर्जाचा हप्ता, सांगा काय करायचं. दिली सुई. दोन महिने दिली.

आणि मग काय झालं ते पण सांगते, लपवत नाही. म्हशीला सवय लागली. सुई टोचायला माणूस दारात आला की ती आधी थरथरायची आणि सुईशिवाय थेंब देईना. शेवटी सासूबाईंनी हातात घेतलं. धारेच्या आधी कोमट पाण्यानं कास धुवायची, खसाखस नाही, मायेनं, मग सड हलके चोळायचे, समोर भिजवलेला भरडा आणि गुळाचा खडा, धार काढणारी बाई तीच, वेळ तीच, कुत्रं भुंकायला नको, पोरांचा आरडाओरडा नको. पहिले आठ दिवस अर्धा लिटर. रडू यायचं. तीन आठवड्यांनी परत पाच लिटरवर आली. त्यामुळं माझं म्हणणं असं, गरिबाला गुन्हेगार म्हणण्याआधी त्याला तीन आठवडे तग धरायला कोण मदत करतंय ते बघा.

गुरांचा डॉक्टर
ताई, मानलं तुम्हाला आणि सासूबाईंना. तुम्ही जे केलंत तेच शास्त्र आहे. कासेला ऊबदार हात लागला की मेंदूतून तिचं स्वतःचं ऑक्सिटोसिन सुटतं आणि पाच-सात मिनिटं टिकतं. घाबरली की अॅड्रेनलिन येतं आणि पान्हा वर ओढते. त्या थरथरण्यात तेच होत होतं.

ओंटारियोहून
मूळचा सांगलीचा, आता कॅनडात डेअरी भागात राहतो. फलटणकर, तुम्ही म्हणता तीन सुया आणि विषय संपला. तसा तो संपत नाही, हेच माझं म्हणणं. अमेरिकेत १९९३ ला दूधवाढीच्या हार्मोनला, बीएसटीला, मंजुरी मिळाली, १९९४ पासून विक्री. दर १४ दिवसांनी एक सुई, दूध दहा-पंधरा टक्के जास्त. सगळे म्हणाले गायीच्या अंगात असतंच की हे. कॅनडा सरकारने तपासणी करवली आणि जानेवारी १९९९ मध्ये नकार दिला. माणसाला धोका सापडला म्हणून नव्हे, गायीला होता म्हणून. दगडीचा (कासेच्या सुजेचा) धोका २५ टक्क्यांपर्यंत वाढतो, लंगडण्याचा पन्नासच्या आसपास, गाभ राहायलाही त्रास. युरोपनेही बंदी घातली. आज माजासाठी, उद्या दुधासाठी, परवा वजनासाठी. एकदा गोठ्याला सुईची सवय लागली की गाय हे यंत्र होतं.

आणि अजून एक. कोर्समध्ये कधी कधी पीएमएसजी नावाचं हार्मोन वापरतात, ते गाभण घोडीच्या रक्तातून काढतात. आइसलँड, अर्जेंटिना, उरुग्वेमध्ये घोड्या त्यासाठीच पाळतात, दर आठवड्याला कित्येक लिटर रक्त. आपल्या गायीचा माज त्या घोडीच्या जिवावर, हे मनाला पटतं का?

फलटण गोठा
दादा, घोडीचं मला माहीत नव्हतं आणि वाचून वाईट वाटलं. माझ्या कोर्समध्ये ते नाहीये. पण बीएसटीची तुलना मला मान्य नाही. ते दर १४ दिवसांनी गायीच्या अंगातलं सत्व कासेकडं ढकलत राहतं, हा नऊ दिवसांचा कोर्स तिचं घड्याळ लावून देतो. फक्त बीजांड कधी सुटेल ते ठरतं आणि त्याच वेळेला रेतन होतं. जिचं बीजांड उशिरा सुटतंय, जी मुका माज करते (बाहेर लक्षण दाखवत नाही) तिला याचा फायदा होतो. खायला घालावं हे मी कुठं नाकारलंय?

म्हसवडचे काका
नाकारलं नाहीस पण सगळ्यात शेवटी धरलंस.

गुरांचा डॉक्टर
इथे काकांच्या बाजूने बोलतो, आणि शास्त्र पण त्यांच्याच बाजूने आहे. कॉर्नेलच्या बाऊमन आणि करी यांनी १९८० मध्ये हे फार छान मांडलं. व्यायल्यावर गायीच्या अंगातलं वाढीचं हार्मोन वाढतं, इन्सुलिन खाली जातं, चरबी वितळून कासेकडं वळते. खाणं दुधाला पुरत नाही, म्हणून ती स्वतःचं मांस विकून दूध देते. अशा वेळी आयजीएफ (वाढीला मदत करणारं हार्मोन) खाली, मेंदूकडून एलएचचे (बीजांड सोडायला लावणाऱ्या हार्मोनचे) झटके विरळ, अंडाशयातला बीजांडाचा फोड मोठा होतो पण फुटत नाही. म्हणजे गाय राहत नाही हा तिच्या शरीराने केलेला हिशोब आहे, आत्ता परवडत नाही एवढंच ती सांगते. अशा खंगलेल्या, माजच न करणाऱ्या गायीवर हा तीन सुयांचा कोर्स नीट चालत नाही. तिला आधी खाणं, मग लागलंच तर प्रोजेस्टेरॉनचं उपकरण आठ-नऊ दिवस योनीमार्गात ठेवून बघायचं. फलटणकरांची चांदणी अंगाने भरलेली आणि नियमित माज करणारी होती म्हणून तिला हा कोर्स सुचवला गेला असणार.

म्हसवडचे काका
डॉक्टर, मग माझ्या पोटातलं सांगतो. गेल्या दिवाळीच्या आधी माझी खिलार क्रॉस कालवड माजावर दिसेना. गावात एक जण रेतन करायला येतो, त्याला बोलावलं. त्यानं हात घालून बघितलं नाही, विचारलं नाही, पिशवीतनं सुई काढली, टोचली, म्हणाला तीन दिवसांत येईल माजावर. तिसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेलो तर खाली पडलेलं होतं, माझ्या मुठीएवढं, खुरांचे ठिपके दिसत होते. ती गाभण होती. शेजारच्या वळूनं कधी गाठली आम्हाला कळलंच नाही. बायको दोन दिवस जेवली नाही. तुम्ही म्हणता तंत्र प्रत्येक गोठ्यात पोचवा, आमच्याकडं हे असं पोचतं. तपासणारा माणूस पोचत नाही, सुई पोचते.

फलटण गोठा
काका, वाचून गप्प बसलो थोडा वेळ. यावर वाद नाही. गाभण नाही याची खात्री केल्याशिवाय प्रोस्टाग्लँडिन देणं म्हणजे गाभडवणंच. "प्रत्येक गोठ्यात पोचलं पाहिजे" हे माझं वाक्य मी मागे घेतो. हात घालून किंवा सोनोग्राफीनं तपासणी पोचल्यावरच सुई पोचावी.

गुरांचा डॉक्टर
त्यात अजून एक भर घाला, कारण गाय धरायला घरातली बाईच उभी असते. प्रोस्टाग्लँडिन कातडीतून आत शिरतं. गरोदर बाई आणि दम्याचा माणूस यांनी ती बाटली हातात सुद्धा घेऊ नये, अंगावर सांडलं तर लगेच साबणाने धुवा. लेबलवर लिहिलेलं असतं पण इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात.

म्हैसवाली ताई
हे कुणीच सांगितलं नव्हतं. माझी जाऊ पाचव्या महिन्यात आहे आणि परवाच तिनं रेडी धरली होती.

गुरांचा डॉक्टर
ताई, हाताला औषध लागलं होतं का? लागलं असेल, किंवा पोटात दुखतंय, अंगावर जातंय असं काही असेल तर आजच दवाखान्यात दाखवा. यापुढं तिला त्या कामाला उभं करू नका.

पुणेकर आई
डॉक्टर, उत्तर मिळालं, बरं वाटलं. पण पिशवीवर काय लिहिलेलं असतं आणि गोठ्यात काय होतं यातली दरी तशीच आहे. ताईंसारखी बाई जिथे धार काढते तिथलं दूध मी दोन रुपये जास्त देऊन घेईन, पण ते कुठं मिळतं हे मला कळायला तर हवं.

ओंटारियोहून
माझं मत बदललेलं नाही हे नोंदवून ठेवतो. तपासणी करून दिली तरी सवय लागतेच, दहा वर्षांनी बोलू.

म्हसवडचे काका
फलटणकर, चांदणीचं पुढं काय झालं ते तू लिहिलंच नाहीस.

फलटण गोठा
चार गायींवर कोर्स केला होता. दोन राहिल्या. एक कळायचीय. चांदणी परत उलटली काका, एकविसाव्या दिवशी.

म्हसवडचे काका
सोट (माजाचा चिकट स्राव) कसा होता? काचेसारखा की त्यात पांढरे कण?

फलटण गोठा
खरं सांगायचं तर बघितलाच नाही, कोर्स चालू आहे म्हणून निर्धास्त होतो. मागच्या वेताला वार अडकली होती तिची, हाताने काढली होती.

म्हसवडचे काका
मग गर्भपिशवीत घाण असणार. आता भरवू नको. पुढच्या माजाला सकाळी शेपटी वर करून सोट तळहातावर घे, उजेडात धर, कण दिसले तर फोटो इथं टाक, डॉक्टर बघतील.

गुरांचा डॉक्टर
टाका. आणि त्या दिवशी रेतन नको, आधी पिशवी तपासू.