हरित इमारतीची सवलत कुणाला: बिल्डरला की राहणाऱ्याला?

तळजाईकर
राज्याच्या एकत्रित बांधकाम नियमावलीत (यूडीसीपीआर, 2020) हरित इमारतीला (पाणी-वीज वाचवणाऱ्या) वाढीव एफएसआय आहे, म्हणजे प्लॉटच्या प्रमाणात जास्त बांधकाम करता येतं. सक्ती नाही, ज्याला हवं त्यानं करावं. ‘गृह’ (GRIHA) आणि आयजीबीसी ही हरित इमारतींची मानांकनं. गृह थ्री स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हरला मूळ एफएसआयच्या 3 टक्के, फोर स्टार किंवा गोल्डला 5, फाइव्ह स्टार किंवा प्लॅटिनमला 7. आता हिशेब मांडा. एक हेक्टरचा प्लॉट, मूळ एफएसआय 1.1, म्हणजे 11,000 चौरस मीटर. त्याचे 7 टक्के 770, म्हणजे आठ हजारांवर चौरस फूट. बाणेर-वाकडच्या भावानं त्याचे किती होतात ते तुम्हीच बघा!
राहणाऱ्याला काय? पुणे मनपात सोलर, गांडूळखत, रेन वॉटर हार्वेस्टिंग यांपैकी एक असेल तर 5 टक्के सूट, दोन असतील तर 10. तीही फक्त सर्वसाधारण करात, पूर्ण बिलात नाही. माझं म्हणणं, एफएसआयचं आमिष बंद करा आणि रहिवाशांची सूट वाढवा. पण यंत्रणा खरंच चालते का, ते मीटर बघून.

विटावाळू
हिशेब अर्धाच मांडलात. कबूल केलेलं मानांकन बांधकाम पूर्णत्वाच्या वेळी मिळालं नाही, तर त्या वाढीव एफएसआयवर रेडी रेकनरच्या (सरकारी) जमीनदराच्या दुप्पट दंड आहे. ते का नाही लिहिलंत? शिवाय इमारतीचं तोंड कुठे, खिडकीवर छज्जा किती, फ्लशला पुनर्वापराच्या पाण्याची वेगळी पाइपलाइन की नाही, हे सगळं नकाशावरच ठरतं. राहायला आलेल्याला करात कितीही सूट द्या, तो पश्चिमेची खिडकी हलवणार आहे का?

सेक्रेटरीबाई
खिडकीचं पटलं. पण ताबा मिळाल्यावर काय होतं ते आमच्याकडे येऊन बघा. गांडूळखताच्या खड्ड्यात मोडक्या खुर्च्या आणि गणपतीच्या मखराचा थर्माकोल. एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) ब्लोअर रात्री बंद, कारण विजेचं बिल. फ्लशच्या वेगळ्या लाइनमध्ये टँकरचं पाणी. लॉबीत मानांकनाची पाटी मात्र लखलखीत, हाउसकीपिंगवाले रोज पुसतात. तुमचा दंड पूर्णत्वापर्यंत. पुढे कोण बघतं?

शेजारचा बंगला
मुळात सवलत हवीच कशाला? 500 चौरस मीटर आणि त्यावरच्या प्लॉटवर रेन वॉटर हार्वेस्टिंग नियमानंच सक्तीचं आहे. नियम पाळला म्हणून करात सूट, हा कुठला न्याय? आणि ते आठ हजार फूट हवेत तरंगत नाहीत. दहा-अकरा फ्लॅट वाढले की पाणी, ड्रेनेज, रस्त्यावरच्या गाड्या आमच्याच गल्लीत.

भोसरीकर
पुण्याची मंडळी भांडत बसा. पिंपरी-चिंचवड मनपानं दोघांनाही दिलं: गृह मानांकन घेतलं तर बिल्डरला मनपाला भरायच्या प्रीमियममध्ये सूट, रहिवाशांना मिळकत करात. मला त्यातलं दुसरं जास्त आवडतं, कारण घर घेणारा बुकिंगच्या वेळीच विचारू लागतो. बाकी मीटरची गोष्ट सोलरला सोपी आहे. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामाईक वापरासाठी किलोवॅटला 18,000 रुपये मिळतात आणि नेट मीटरवर किती युनिट झाले ते दिसतं. खड्ड्यातल्या गांडुळांना कुठलं मीटर लावणार?

तळजाईकर
गांडुळं सोडा, पण एसटीपीला आणि बोअरला मीटर लागतो. आकडा नाही तर सूट नाही. आणि एफएसआय ठेवायचाच असेल तर बिल्डरचं डिपॉझिट तीन वर्षं मनपाकडे राहू द्या. यंत्रणा चालू दिसली की परत.

विटावाळू
ठेवा की. फ्लॅटच्या दरात लावू. एसटीपी बंद ठेवणार तुमची कमिटी, बिल वाचवणार तुम्ही आणि पैसे जप्त माझे?

सेक्रेटरीबाई
सोसायटी हस्तांतरित होईपर्यंत मेंटेनन्स तुम्हीच गोळा करता ना? मग डिपॉझिट निदान तेवढा काळ तरी अडकू द्या.