फौजेतल्या पालकांच्या मुलांसाठी शाळेनं काय करावं? (खानापूर तालुका, जिल्हा बेळगाव)

खानापूर_शाळा:
आमच्या मराठी उच्च प्राथमिक शाळेत जवळपास प्रत्येक वर्गात दोन-चार मुलांचे वडील फौजेत आहेत, नाहीतर नुकतेच पेन्शनवर आलेत. 15 ऑगस्टला शाल-नारळ देऊन माजी सैनिकांचा सत्कार होतो, मुलांच्या वाट्याला मात्र काही येत नाही. कोणत्या सवलती मिळतात आणि वर्गात काय बदलावं? एसडीएमसीच्या (शाळा विकास समितीच्या) सभेत मांडायचं आहे.

कागदपत्रे_बेळगाव:
गुरुजी, सवलतींच्या आधी नावं तपासा. आपल्या भागात अर्ज अडकतात ते बहुतेक नावावरूनच. फौजेत मुलाचं नाव आणि जन्मतारीख पार्ट टू ऑर्डरनं (युनिटच्या ऑफिसातून निघणाऱ्या नोंदीच्या आदेशानं) चढते, तिथं मुलाचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असं पूर्ण लिहिलेलं असतं. शाळेच्या सॅट्समध्ये (कर्नाटक सरकारच्या ऑनलाइन विद्यार्थी-नोंदीत) मात्र वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आणि आधारवर तिसरंच स्पेलिंग. मराठीतून कन्नडात आणि तिथून इंग्रजीत जाताना एखादं अक्षर बदलतंच.

सहावी-सातवीतच पालकांकडून तीन कागद मागवा: पार्ट टू ऑर्डर (निवृत्त असतील तर डिस्चार्ज बुक), आधार, जन्मदाखला. शेजारी सॅट्सची नोंद ठेवा आणि एकेक अक्षर जुळवा. चूक शाळेकडची असेल तर एसएसएलसीची (दहावी बोर्डाची) नोंदणी होण्याआधी दुरुस्त करा. गुणपत्रक छापून आल्यावर तेच काम फार लांबतं. चूक फौजेकडची असेल आणि वडील सेवेत असतील, तर युनिटच्या ऑफिसातून नवी ऑर्डर निघते. निवृत्तांना रेकॉर्ड ऑफिसकडे अर्ज करावा लागतो. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड ऑफिस बेळगावातच आहे, पण इतर रेजिमेंटच्या लोकांनी जिल्हा सैनिक बोर्डामार्फत जावं.

निपाणीकर_माजी_सैनिक:
योजनांचं सांगतो. वडील सेवेत असतील तर त्यांना शिक्षण भत्ता मिळतो: जानेवारी 2024 पासून महिना 2,812 रुपये 50 पैसे, दोन मुलांपर्यंत. शाळेचं काम एवढंच, वर्ष संपल्यावर मुख्याध्यापकांच्या सहीचा बोनाफाईड, त्यात वर्ग आणि शैक्षणिक वर्ष स्पष्ट. तो वेळेवर द्या, कारण सुट्टीवर आलेल्या माणसाकडे हेलपाटे घालायला दिवस नसतात.

हवालदार हुद्द्यापर्यंतचे माजी सैनिक आणि त्यांच्या विधवा यांना केंद्रीय सैनिक बोर्डाचं शिक्षण अनुदान आहे, पहिली ते पदवी, दोन मुलांपर्यंत. 1 नोव्हेंबर 2025 पासूनच्या अर्जांना महिना 2,000 रुपये. आधी 1,000 होते. मागच्या वर्गात किमान 50 टक्के गुण लागतात. दुसरीकडून शिक्षण भत्ता किंवा शिष्यवृत्ती घेतलेली नाही, असंही लिहून द्यावं लागतं. निवृत्तीनंतर दुसऱ्या नोकरीत लागलेल्यांनी इथं नीट बघावं.

बारावीनंतर व्यावसायिक पदवीला प्रधानमंत्री शिष्यवृत्ती: मुलींना महिना 3,000, मुलांना 2,500, गुण किमान 60 टक्के. अर्ज पहिल्याच वर्षी करायचा. दुसऱ्या वर्षी कळलं म्हणून धावपळ करणारे बरेच असतात, त्याचा उपयोग होत नाही. मुक्त विद्यापीठाचा अभ्यासक्रम चालत नाही. अर्ज ऑनलाइन भरला तरी मूळ कागद बेळगावच्या सैनिक बोर्डात दाखवावे लागतात.

येळ्ळूर_शिक्षिका:
प्रवेश परीक्षांबद्दल पालकांचा नेहमी घोळ होतो. बेळगावचं राष्ट्रीय मिलिटरी स्कूल आणि विजापूरचं सैनिक स्कूल यांच्या परीक्षा वेगळ्या, फॉर्म वेगळे. सैनिक स्कूलची सहावीची परीक्षा मराठीतून देता येते: 125 प्रश्न, 300 गुण, अडीच तास. त्यातले 150 गुण गणिताचे, म्हणून चौथीपासून गणितच पक्कं करून घ्या. नववीची परीक्षा फक्त इंग्रजीतून, त्यामुळे मराठी माध्यमाच्या मुलाला सहावीचीच संधी सोपी पडते.

वर्गाचं म्हणाल तर "बाबा कुठं आहेत?" असं सगळ्यांसमोर विचारू नका, आणि पोस्टिंगचं ठिकाण किंवा युनिट शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. वडील सुट्टीवर आले की पहिले दोन-तीन दिवस मूल वर्गात नसतंच मनानं. घटक चाचणी तेव्हा आली तर पुढं ढकला. वडील परत गेल्यावरचा आठवडा त्याहून अवघड असतो. चिडचिड, पोटदुखी, अभ्यास न करणं हे तेव्हाच दिसतं. ते महिन्यापेक्षा जास्त टिकलं तर टेलि-मानसचा (मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा) 14416 हा नंबर आईला द्या. सत्काराला आईलाही व्यासपीठावर बोलवा. घर, शेत, म्हातारे सासू-सासरे आणि मुलाची शाळा ती एकटी ओढते. मुलाला मात्र हौतात्म्याच्या भाषणात उभं करू नका, विशेषतः ज्याचे वडील गेलेत त्याला. 4 फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फंट्री दिवस किंवा 7 डिसेंबरला ध्वजदिन, त्या दिवशी मुलांना वडिलांना पत्र लिहायला सांगा आणि पोस्टेज शाळेनं भरावं.

खानापूर_शाळा:
खूप उपयोग झाला. एका मुलीचे वडील सीमा सुरक्षा दलात आहेत, तिला यातलं काय?

निपाणीकर_माजी_सैनिक:
सैनिक बोर्डाचं काही नाही, ते फक्त भूदल, नौदल, वायुदलासाठी (तटरक्षक दलाला प्रधानमंत्री शिष्यवृत्ती आहे). सीमा सुरक्षा दल गृह मंत्रालयाकडे येतं, त्यांची त्याच नावाची वेगळी प्रधानमंत्री शिष्यवृत्ती राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवरून भरतात. वडिलांच्या युनिटकडून अटी विचारून घ्या. शिक्षण भत्ता मात्र तिलाही आहे, तेव्हा तिचाही बोनाफाईड वेळेवर काढा.