मदत हवी आहे: टीव्हीच्या भिंतीला फ्लूटेड पॅनल की लाइमवॉश? शुक्रवारच्या आत सांगा

पाथर्डीफाटा_२बीएचके
मंडळी, पटकन मदत हवी आहे. इंटिरियरचं काम चालू आहे, सगळं ठरलंय, फक्त हॉलमधल्या टीव्हीच्या भिंतीवर गाडी अडलीय. डिझायनर म्हणतो चारकोलचे फ्लूटेड, म्हणजे उभ्या खाचांचे पॅनल लावा, मधून प्रोफाइल लाईट (एलईडीची पट्टी) सोडू, पुढची पाच वर्षं हेच चालणार. बायको म्हणते लाइमवॉश, तो ढगाळ दिसणारा रंग, सगळे रील्सवाले तेच करतायत. मला दोन्हीतलं काही कळत नाही. तीन-चार वर्षांनी घरी आलेल्या माणसाने "हे तेव्हाचं फॅड ना?" असं विचारू नये, एवढीच अपेक्षा. पॅनलचा अॅडव्हान्स शुक्रवारी द्यायचाय. बजेट विचारू नका, ते ठरलेलं आहे. अनुभवी लोकांनीच लिहा.

सिडकोचा_सुतार
बजेट नाही, माप नाही, फोटो नाही. मग आम्ही काय पंचांग बघून सांगायचं का भो? बरं, चारकोल पॅनल म्हणजे लाकूड समजू नका. बहुतेक पॉलिस्टायरीन असतं, म्हणजे प्लास्टिकच. एमडीएफचं, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेलं फ्लूटेड वेगळं, डब्ल्यूपीसीचं, म्हणजे लाकूडभुसा आणि प्लास्टिकचं वेगळं. तुमच्या डिझायनरने नक्की कुठलं सांगितलंय?

पाथर्डीफाटा_२बीएचके
ते त्यालाच माहीत. दिसायला लाकडासारखं आहे. ट्रेंडचं बोला ना कोणीतरी.

रंगरेषा_नाशिक
मी याच व्यवसायात आहे म्हणून ट्रेंडचं बोलते. राखाडी-पांढरं, चकचकीत अॅक्रिलिक आणि चार पायऱ्यांचं पीओपी सीलिंग हे तिन्ही आता उतरणीला लागलंय. मागणी आहे ती मातकट रंगांना: टेराकोटा, ऑलिव्ह, तपकिरीच्या छटा. लॅमिनेट मॅट, कोपरे गोलसर, भिंत आणि सीलिंग एकाच रंगात, आणि उजेड २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. पॅन्टोन ही रंगांची कंपनी दर वर्षी एक रंग जाहीर करते, त्यांनी २०२५ साठी मोका मूस हा तपकिरी रंग निवडला होता, तेव्हापासून प्रत्येक क्लायंट मोबाईलवर तोच दाखवतो. २०२६ साठी त्यांनी क्लाउड डान्सर निवडला, जो चक्क पांढरा आहे. म्हणजे ज्यांनी मागच्या वर्षी तपकिरी केलं त्यांनी काय करायचं? काहीही नाही. भिंत दर वर्षी रंगवायची नसते.

फ्लूटेडबद्दल माझा आपला एक ठोकताळा आहे. एखादी गोष्ट बिल्डरच्या सॅम्पल फ्लॅटमध्ये आणि ज्यूस सेंटरच्या काउंटरला एकाच वेळी दिसायला लागली की तिचा बहर ओसरला समजायचं. गंगापूर रोडला एक चक्कर मारा आणि मोजा.

वास्तुसुख
टीव्ही कुठल्या दिशेला आहे? आग्नेयेला असेल तर उत्तम. आणि देवघर ईशान्येला आहे ना? नसेल तर आधी ते बघा, पॅनल नंतर.

निवृत्त_ओव्हरसियर
ट्रेंडवर माझं मत नाही, पण चार प्रश्न विचारतो. ही भिंत बाहेरची की आतली? बाहेरची असेल तर पश्चिमेची का? फ्लॅटचा ताबा कधी मिळाला? भिंतीच्या मागे काय आहे?

पाथर्डीफाटा_२बीएचके
आतली भिंत आहे काका. ताबा २०२३ ला. तेव्हापासून भाड्याने दिला होता, आता आम्ही राहायला जातोय. पण मागे काय आहे याचा डिझाइनशी काय संबंध?

मखमलाबादची_माई
लाइमवॉश म्हणजे चुनाच ना रे बाबा? आमच्या वाड्यात दिवाळीच्या आधी चुन्याची कळी पिंपात भिजत घालायचे. खदखदून उकळायची, पोरांना जवळ फिरकू द्यायचे नाहीत. मग गाळून त्यात डिंक आणि नीळ, आणि केरसुणीसारख्या कुंच्याने दोन हात मारायचे. भिंतीला नुसतं टेकलं की पाठ पांढरी! त्याचेच आता स्क्वेअर फुटावर पैसे मोजतात?

रंगरेषा_नाशिक
माई, अगदी तेच, आणि तुमच्या वाड्यातला खराच होता. खरा चुना प्लास्टरमध्ये मुरतो आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन घट्ट होतो, म्हणून त्याला पाणी पिणारी भिंत लागते. आजच्या फ्लॅटमध्ये पुट्टीवर प्रायमर आणि त्यावर इमल्शन असतं. त्यावर चुना धरतच नाही, आधी त्याचा वेगळा प्रायमर लावावा लागतो. आणि बाजारात त्या नावाने मिळणारे बरेचसे डबे हे अॅक्रिलिक टेक्स्चर पेंट असतात. दिसायला ढगाळ, गुण इमल्शनचे. डबा घेताना मागचं बारीक अक्षर वाचा.

पुण्याहून_सल्ला
मुळात साइटवर सुतार बसवणंच कालबाह्य आहे. फॅक्टरीमेड मॉड्युलर घ्या. एचडीएचएमआरचा, म्हणजे ओल सोसणाऱ्या दाबीव बोर्डाचा कॅरकस (सांगाडा), कडांना मशीनने पट्टी, दोन दिवसांत फिटिंग. धूळ नाही, कटकट नाही.

सिडकोचा_सुतार
आले पुण्याहून. साहेब, एचडीएचएमआरमधून बिजागरीचा स्क्रू एकदा निसटला की परत त्याच भोकात धरतो का, ते सांगा. किचनच्या सिंकखाली आम्ही आयएस ७१० चा बीडब्ल्यूपी, म्हणजे उकळत्या पाण्यातही टिकणारा प्लायच वापरतो. आयएस ३०३ चा एमआर प्लाय, जो नुसता दमटपणा सोसतो, तो फक्त कोरड्या जागी, बेडरूमच्या वॉर्डरोबला वगैरे. कस्टमरला विचारा, नव्वद टक्के लोकांना शिक्का बघायचा असतो हेच माहीत नसतं.

पुण्याहून_सल्ला
शिक्का तर नकली पण असतो.

सिडकोचा_सुतार
मग तुमच्या फॅक्टरीत काय देव येऊन शिक्का मारतो?

पाथर्डीफाटा_२बीएचके
प्लायचं ठरलंय हो! भिंत! शुक्रवार!

द्वारका_ते_नाशिकरोड
घाई आहे तर एक ऐका. सिंहस्थ तोंडावर आहे. रस्ते, घाट, हॉटेलं, सगळीकडे कामं निघालीत, त्यामुळे चांगला पेंटर आणि टाइल्सवाला मिळणं कठीण झालंय. आमच्याकडचा टाइल्सवाला अर्ध्यात दुसऱ्या साइटवर गेला तो गेलाच. जे काय करायचं ते मजुरी ठरवून, कागदावर लिहून करा.

निवृत्त_ओव्हरसियर
माझा चौथा प्रश्न तसाच राहिला. भिंतीच्या मागे काय आहे?

पाथर्डीफाटा_२बीएचके
कॉमन बाथरूम आहे काका. आता प्लीज रंगाचं बोलू का? खाली स्कर्टिंगच्या वर थोडे पोपडे होते, पेंटरने खरवडून पुट्टी भरून घेतली. डिझायनर म्हणाला तसंही पॅनलने झाकलं जाणार आहे.

सिडकोचा_सुतार
घ्या! हे आता सांगताय?

रंगरेषा_नाशिक
मी सोमवारपासून टेराकोटावर निबंध लिहितेय आणि इकडे भिंतीला ओल आहे.

निवृत्त_ओव्हरसियर
वाटलंच होतं. आता शांतपणे वाचा.

पोपडे जमिनीपासून फूट-दीड फुटापर्यंतच असतील आणि पांढरी भुकटी, म्हणजे खार, हाताला लागत असेल, तर पाणी बहुधा बाथरूमच्या संकमधून येतंय. संक म्हणजे बाथरूमचा स्लॅब खाली घेतलेला असतो तो भाग, त्यात वॉटरप्रूफिंग, मग कोबा (भराव), मग टाइल्स. नहाणी ट्रॅपच्या, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीच्या कडेचा सांधा किंवा टाइल्सची ग्राउट गेली की पाणी कोब्यात साठतं आणि शेजारच्या भिंतीच्या विटांमधून वर चढतं. डाग उंचावर, नळाच्या किंवा शॉवरच्या रेषेत असेल तर भिंतीतला पाइप. प्लंबरकडून प्रेशर टेस्ट करून घ्या. लाईन बंद करून दाब भरायचा. काटा खाली आला की पाइप गळतोय.

ओल चालू आहे की जुनी, हे घरीच कळतं. दीड फूट चौरस जाड प्लास्टिक भिंतीला चारही बाजूंनी टेप मारून चिकटवा आणि दोन दिवस बाथरूम नेहमीसारखं वापरा. भिंतीकडच्या बाजूला थेंब धरले तर ओल आतून येतेय.

पॅनल लावलं तर काय होईल? एमडीएफ असेल तर चहात बुडवलेल्या टोस्टसारखं खालून फुगेल. पॉलिस्टायरीन स्वतः सडणार नाही, पण ते चिकटवलंय पुट्टीवर आणि पुट्टी सुटतेय. मागे बुरशी धरेल, ती दिसणार नाही, नुसता वास येईल. शिवाय त्याच भिंतीत तुम्ही टीव्हीचे आणि प्रोफाइल लाईटचे पॉइंट घेताय. ओल्या भिंतीत वायरिंग ही हौस नव्हे.

तळेगावचे_वकीलसाहेब
काका म्हणतात ते तांत्रिक झालं, मी कायद्याचं जोडतो. प्रकल्प रेरात, म्हणजे बिल्डरांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाकडे नोंदवलेला असेल तर २०१६ च्या कायद्याचं कलम १४(३) वाचा. ताब्यापासून ५ वर्षांच्या आत बांधकामातला किंवा कामाच्या दर्जातला दोष बिल्डरला कळवला, तर त्याने ३० दिवसांत जादा पैसे न घेता दुरुस्त करायचा असतो. तुमचा ताबा २०२३ चा, म्हणजे मुदतीत आहात. पण बाथरूम आधी स्वतः फोडू नका. एक टाइल जरी काढली तरी बिल्डर म्हणणार की वॉटरप्रूफिंग तुमच्या माणसाने बिघडवलं. आधी तारखेसकट फोटो, मग ईमेल आणि रजिस्टर्ड एडीने पत्र.

वास्तुसुख
म्हणूनच विचारत होतो दिशा कोणती. ओल नैर्ऋत्येला असेल तर...

रंगरेषा_नाशिक
ओल कुठल्याही दिशेला वाईटच.

भांडीबाजारवाला
भिंत वाळेपर्यंत एक सुचवू का? पॅनलच्या पैशात आपल्या भांडीबाजारात येऊन जुनी पितळी समई, घंगाळ किंवा तांब्याचा हंडा घ्या. जुन्या मालाला वजन असतं. घंगाळाचा काठ हाताने ठोकलेला असेल तर बोटांना बारीक खळगे लागतात, मशीनचा काठ गुळगुळीत येतो. चिंच लावून घासलं की झालं. ट्रेंड कुठलाही येवो.

मखमलाबादची_माई
घंगाळात आता लोक झाडं लावतात म्हणे. आमचं माळ्यावर पडलंय, सून म्हणते हॉलमध्ये ठेवू.

पाथर्डीफाटा_२बीएचके
प्लास्टिक लावलं होतं. आतून थेंब आहेत. बिल्डरला मेल टाकला, पत्र उद्या. पॅनलचा अॅडव्हान्स थांबवलाय, डिझायनर नाराज आहे, तो म्हणतो वॉटरप्रूफ डब्ल्यूपीसी लावू म्हणजे प्रश्नच नाही. बाकी फर्निचर थांबवू का चालू ठेवू? आणि भिंत वाळल्यावर काय करायचं ते कोणीच नीट सांगितलं नाही.

निवृत्त_ओव्हरसियर
डब्ल्यूपीसी वॉटरप्रूफ असेल, भिंत आहे का? ओल झाकून थांबत नाही. बेडरूम आणि किचनचं काम बिनधास्त चालू ठेवा, फक्त बाथरूमला लागून असलेला वॉर्डरोब असेल तर तोही थांबवा. दुरुस्तीनंतर त्या पट्ट्यातलं प्लास्टर विटेपर्यंत काढून नवं करायला लावा आणि पुरतं वाळू द्या. पावसाळ्यात वेळ जास्त लागेल.

रंगरेषा_नाशिक
आणि वाळल्यावर माझं मत: पॅनल नको, जड काही नको. नवं प्लास्टर उघडं असेल तेव्हा त्या भिंतीला पुट्टी मारू देऊ नका, थेट खऱ्या चुन्याचा लाइमवॉश करा, फिकट मातीच्या रंगात. चुना श्वास घेतो, उरलीसुरली ओल बाहेर पडू देतो. टीव्ही कमी उंचीच्या साध्या युनिटवर ठेवा, पायांवरचं, म्हणजे मागची भिंत कधीही बघता येईल. फॅड गेलं तर एका दिवसात रंग बदलता येतो. वहिनींचं म्हणणंच खरं ठरलं, त्यांना सांगा.

पाथर्डीफाटा_२बीएचके
ते नको सांगायला. तिने हा धागा वाचलाय.

सातपूरची_सुगरण
माझ्याकडे फ्लूटेड पॅनल आधीच लागलंय. त्या खाचांमधली धूळ कशाने काढायची? दिवाळीची साफसफाई आली.