ताडोबाची पहिली सफारी स्वतः आखायची आहे. खर्च आटोक्यात कसा ठेवावा?

कृष्णाकाठ:
नमस्कार. फेब्रुवारीच्या अखेरीस किंवा मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात ताडोबाला जाण्याचा विचार आहे. आम्ही चौघे आहोत: मी, पत्नी, सत्तरीला टेकलेली आई आणि पाचवीत शिकणारी मुलगी. मुक्काम सांगलीला, घरची गाडी नाही, आणि जंगल सफारीचा आमच्यापैकी कोणालाही अनुभव नाही. काही सहल कंपन्यांची पॅकेजे पाहिली, परंतु त्यांतील मोठा भाग आलिशान रिसॉर्टवर खर्च होतो असे दिसले. आम्हाला पोहण्याचा तलाव नको आहे, जंगल पाहायचे आहे. प्रवास, राहणे, जेवण आणि सफाऱ्या धरून तीस हजारांच्या वर जाता येणार नाही. एवढ्यात किती फेऱ्या बसवाव्यात, कोणता दरवाजा धरावा, स्वतःचे वाहन नसताना हे सगळे जमते का, आणि आईची कंबर अधूनमधून धरते, तर तिला उघड्या जिप्सीतून नेणे योग्य आहे का, याबद्दल जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

चंद्रपूरकर:
तुमचा बेत जमण्यासारखा आहे, फक्त हिशेबाची रीत आधी बदलावी लागेल. सफारीचा खर्च माणशी मोजू नका, वाहनामागे मोजा. प्रवेशशुल्क, जिप्सीचे भाडे आणि गाइडचे शुल्क मिळून एका फेरीची जी रक्कम होते, ती जिप्सीत दोघे बसले काय किंवा सहा जण बसले काय, जवळपास तीच राहते. चौघांनी पूर्ण जिप्सी घेतली तर दोन रिकाम्या जागांचे पैसेही तुम्हीच भरता. म्हणून तारीख ठरवण्याआधी बरोबर येणारे दोघे शोधा; नात्यातले असोत वा कामावरचे सहकारी, माणशी खर्च तिथेच एक तृतीयांशाने उतरतो. एवढी बचत खाण्यापिण्यात कितीही काटकसर केली तरी होत नाही. दर हंगामागणिक बदलतात, त्यामुळे रकमा मी मुद्दाम लिहीत नाही. त्या नोंदणी करतानाच पाहाव्यात. शनिवार-रविवारी दर चढे असतात आणि मंगळवारी कोअर, म्हणजे जंगलाचा आतला गाभा, बंद असतो, म्हणून बुधवार ते शुक्रवार हे दिवस तुमच्यासाठी सर्वांत सोयीचे.

दुसरा मुद्दा दरवाजाचा. ताडोबा म्हणजे एकच ठिकाण असे समजून लोक आधी खोली घेतात आणि मग सफारी शोधतात. क्रम उलटा हवा. मोहर्ली, खुटवंडा, कोलारा, नवेगाव, पांगडी, झरी हे कोअरचे दरवाजे जंगलाच्या वेगवेगळ्या अंगांना आहेत. खासगी गाडीला आत फिरण्याची मुभा नाही, आणि मोहर्लीहून कोलाऱ्याला बाहेरच्या रस्त्याने जायचे तर दोन तासांहून अधिक वेळ मोडतो. ज्या दरवाजाची नोंदणी असेल तिथूनच प्रवेश मिळतो. तेव्हा आधी दरवाजा, मग तारखा, आणि त्या पक्क्या झाल्या की दरवाजालगतच्या गावातली खोली. सार्वजनिक वाहनाने येणाऱ्याने मोहर्लीच धरावी हे माझे स्पष्ट मत आहे: चंद्रपूर स्थानकापासून ती साधारण तीस किलोमीटरवर आहे, गावात घरगुती निवास आणि साधी जेवणाची सोय आहे, पर्यटन महामंडळाचे निवासस्थानही आहे. चंद्रपूर शहरात स्वस्त लॉज मिळतो म्हणून तिथे राहू नका. पहाटे साडेचारला मोहर्लीला नेणाऱ्या गाडीचे भाडे ती सगळी बचत गिळून टाकते.

सांगलीहून येताना कोल्हापूर–गोंदिया महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे. ती रमतगमत चालते, परंतु स्लीपरचे तिकीट परवडते. नागपूरपर्यंत न जाता वर्धा-सेवाग्रामला उतरून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली, तर हिंगणघाट, वरोरा, भांदक करत चंद्रपूर येते आणि उलटा फेरा वाचतो. पुढे एसटीने गेलात तर महिलांना निम्मेच भाडे पडते. मोहर्लीकडच्या फेऱ्या मात्र मोजक्या आहेत, त्यामुळे वेळ आगारात विचारून घ्या आणि परतीच्या दिवशी आगगाडीच्या वेळेशी फार घट्ट सांगड घालू नका.

दुर्बीण:
वरील हिशेबाशी सहमत आहे, पण फेऱ्यांच्या वाटणीबद्दल वेगळे सुचवतो. पहिल्यांदा येणारा माणूस सगळे पैसे कोअरच्या फेऱ्यांवर लावतो, कारण वाघ कोअरमध्ये आणि बफर, म्हणजे गाभ्याभोवतीचा पट्टा, दुय्यम, अशी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात वाघ ही रेषा मानत नाही. आगरझरी, देवाडा-अडेगाव, जुनोना ही बफरची क्षेत्रे मोहर्लीच्या बाजूलाच आहेत, तिथली फेरी कोअरपेक्षा स्वस्त पडते, आणि वाघाबरोबरच बिबट्या, अस्वल, रानकुत्रे यांचे दर्शन तिथेही होते. तुमच्या रकमेत मी एक कोअर आणि दोन बफर अशा तीन फेऱ्या बसवीन. कोअरची फेरी सकाळची घ्यावी, म्हणजे तेलिया तलाव, ताडोबा तलाव, पांढरपौनी हा पट्टा उन्हे चढण्याआधी पाहून होतो. ताडोबा तलावाच्या काठी मगरी ऊन खात पडलेल्या असतात, मुलीला त्या हमखास आवडतील.

एकाच फेरीत सगळे पदरात पाडून घेण्याचा हट्ट मात्र धरू नका. चांगला गाइड जिप्सी पळवत नाही, थांबवतो. इंजिन बंद झाले की सुरुवातीला काहीच ऐकू येत नाही. मग बांबूच्या बेटाआडून चितळाचा तीक्ष्ण कॉल येतो, पाठोपाठ झाडावरचे वानर खाकरते. चितळ पुष्कळदा उगाचच घाबरते, त्यामुळे तेवढ्यावर जाणकार गाइड गाडी हलवत नाही. सांबर ओरडले तर मात्र तो सरसावून बसतो. शेपूट ताठ उभारून, पुढचा पाय जमिनीवर आपटत, एकाच दिशेला टक लावून उभे असलेले सांबर दिसले तर वाघ बहुधा फार दूर नसतो. अशा वेळी चालकाला ‘अजून पुढे घ्या’ म्हणणारे पर्यटक मी पाहिले आहेत. कृपया ते करू नका. 31 डिसेंबर 2024 रोजी उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावजवळ वाघीण आणि तिचे बछडे जिप्सींच्या गराड्यात अडकले, तेव्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली होती.

वैनगंगा:
उमरेडचा विषय निघालाच आहे, तर एक पर्याय मांडते. नागपुरात तुमचे कोणी नातेवाईक असतील तर उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्याचा विचार जरूर करा. नागपूरहून ते साधारण साठ किलोमीटरवर आहे आणि राहण्याचा खर्च जवळपास शून्यावर येतो. जंगल लहान आहे, क्षेत्र 189 चौरस किलोमीटर, त्यामुळे ताडोबाचा तो ऐसपैस विस्तार, तो तलाव इथे नाही. नागझिऱ्याचे जंगल मला स्वतःला या दोन्हींपेक्षा देखणे वाटते, पण तिथे वाघ दिसण्याची शक्यता कमी, आणि पहिल्याच सहलीत पाचवीतल्या मुलीची समजूत काढण्याची तयारी हवी.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनःपूर्वक आभार. नागपुरात आमचे कोणी नाही, त्यामुळे ताडोबाच पक्के करतो. शाळेतील एक सहकारी आणि त्यांच्या पत्नी यायला तयार झाल्या आहेत, म्हणजे सहाही जागा भरल्या. मोहर्लीला तीन रात्री, एक कोअर आणि दोन बफर असा आराखडा केला आहे. आता शंका दोन. आईच्या कंबरेचा प्रश्न अनुत्तरित राहिला, आणि नोंदणीसाठी शोध घेतला तर ताडोबाच्या नावाची इतकी संकेतस्थळे समोर आली की खरे कोणते ते कळेना. त्यांपैकी एकाने तर फेरीची आगाऊ रक्कम थेट वैयक्तिक खात्यावर भरण्यास सांगितले.

मोहफूल:
वैयक्तिक खात्यावर एक रुपयाही भरू नका. नावात ताडोबा असलेली बहुतेक संकेतस्थळे खासगी दलालांची आहेत. काही जण खरी नोंदणी करून वर आपले कमिशन लावतात, काही जण पैसे घेऊन गप्प होतात. महाराष्ट्र वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून व्याघ्र प्रकल्पाच्या नोंदणीपानावर जा, तिथे दरवाजा, तारीख आणि सकाळ-दुपारची फेरी निवडता येते. सहाही जणांची नावे आणि ओळखपत्रांचे तपशील नोंदणी करतानाच हाताशी ठेवा, आणि जाताना तीच मूळ ओळखपत्रे घ्या, कारण दरवाजावर ती पडताळली जातात. सहकाऱ्यांचे येणे नक्की नसेल तर आधी ते पक्के करून घ्या. ऐन वेळी नाव बदलून दुसऱ्याला बसवता येईल या भरवशावर राहू नका.

आईंबद्दल: जिप्सीत पुढे चालक आणि गाइड बसतात, त्यांच्यामागे तीन-तीन जणांच्या दोन रांगा असतात. शेवटची रांग उंच असल्याने छायाचित्रे काढणारे तीच मागतात, परंतु ती मागच्या चाकांवर येते आणि खड्ड्यात सर्वांत जास्त उसळते. आईंना मधल्या रांगेत, दोघांच्या मध्ये बसवा, पाठीशी घट्ट गुंडाळलेली चादर द्या आणि चालकाला निघण्याआधीच सांगून ठेवा. बहुतेक चालक समजूतदार असतात. तरीही तिन्ही फेऱ्या त्यांच्यावर लादू नका. पहिली बफरची फेरी दुपारची ठेवा. ती झेपली तर दुसऱ्या दिवशीच्या कोअरला त्यांना न्या, आणि कंबर बोलू लागली तर त्यांनी खोलीवर आराम करावा, त्यांच्या जागेचे पैसे गेले तरी चालतील.

फेब्रुवारीच्या अखेरीस पहाटेची हवा उघड्या जिप्सीत अजून बोचते आणि दुपारी ऊन चटका देते, म्हणून जाड कपडे एकावर एक घालावेत, म्हणजे एकेक काढता येतील. धूळ इतकी उडते की नाकातोंडाला बांधायला प्रत्येकाजवळ सुती पंचा किंवा ओढणी हवीच. भडक रंगाचे कपडे आणि अत्तर टाळा. कोअरमध्ये मोबाइल वापरू देत नाहीत, त्यामुळे मुलीला छायाचित्रे काढायची असतील तर कोणाचा तरी साधा कॅमेरा मागून घ्या. विकत घेण्याच्या फंदात पडू नका. त्याऐवजी एक दुर्बीण उसनी मिळाली तर पाहा, सहा जणांत एक पुरते, आणि पाणवठ्यावर गाडी थांबलेली असताना पाणकावळे, धीवर पाहण्यात मुलीचा वेळ बरा जाईल.

चंद्रपूरकर:
एक भर घालतो. मोहर्लीला पोहोचण्याच्या दिवशीच दुपारची फेरी ठेवू नका. महाराष्ट्र एक्स्प्रेसला उशीर झाला, पुढची गाडी चुकली, तर फेरीचे पैसे परत मिळत नाहीत. चंद्रपूरला सकाळी उतरलात तरी तो दिवस प्रवासाचाच धरा. दुसऱ्या दिवशी दुपारी आगरझरी, तिसऱ्या दिवशी सकाळी कोअर आणि दुपारी देवाडा, चौथ्या दिवशी परत. तीन रात्री त्यात बरोबर बसतात, आणि दुसऱ्या दिवसाची सकाळ आईंना विश्रांतीसाठी मोकळी मिळते.