परूश्याचं चुकलं कुठे?

नम्रता म्हणजे स्वतःला कमी लेखणं, असं कोणी म्हटलं तर मला ते काही पटत नाही. बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात, १८व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या गोष्टीतला परूशी (धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथातला माणूस) बघा. आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश देवाला. यात खोटं काहीच नाही. गाडी घसरते ती प्रार्थना करता करता जकातदाराकडे तिरका डोळा गेल्यावर: मी याच्यासारखा नाही, देवा, तुझे आभार! जकातदार (रोमी सत्तेसाठी वसुली करणारा, म्हणजे लोकांच्या शिव्यांचा धनी) लांबच उभा. मान खाली, छाती बडवत, पाप्यावर दया कर, एवढंच म्हणतो. त्याने फक्त हिशेब खरा सांगितला. नीतिमान ठरून घरी जातो तोच.

ही गोष्ट पहिल्यांदा ऐकली तेव्हा माझ्या मनात आलं होतं, बरंय, आपण त्या परूश्यासारखे नाही.